वरच्या खोलीचा कूलर

अमरावती, १० फेब्रुवारी

नबीभाई,

सलाम. फोन सोडून पत्र कावून, असं तुझ्या मनात येईल. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मला इतकं ओरडावं लागतं की तुला ऐकू येण्याआधी आमच्या गल्लीला ऐकू येतं. कापसाच्या जिनिंगच्या मशिनींनी तुझे कान खाल्ले, त्यात तुझा काही दोष नाही. पण ही गोष्ट गल्लीला कळायची नाही, आणि घरात तुझ्या वहिनीला, माणिकबाईला, अन् आपल्या प्रतीक्षालाही नाही. माझा संत्र्याचा ट्रक अकोल्यावरून जातो. ड्रायव्हर हे पाकीट तुझ्या कूलरच्या दुकानात देईल. उत्तरही त्याच्याच हाती पाठव.

प्रतीक्षाला तुमच्या अकोल्याचं स्थळ आलं आहे. जठारपेठेतले केशवराव उमाळे, हार-फुलांचं दुकान असलेले. घर तुझ्या दुकानासमोरच आहे म्हणतात. मुलगा शेखर. इंजिनिअर, इटलीत शिकला, तिथेच नोकरी. आल्प्स पर्वतात स्टेल्व्हिओ नावाचा घाट आहे, दोनशे वर्षांपूर्वी कोण्या बादशहानं बांधून घेतलेला. त्या रस्त्याच्या डागडुजीवर हा साइट इंजिनिअर. फोटोवरून पसंती झाल्यापासून पोरं फोनवर बोलतात. माणिकबाईनं मनातल्या मनात मांडव घालून ठेवला आहे.

मी मोबाइलवर त्या घाटाचा फोटो पाहिला. डोंगरावर कोणी शेवया वाळत घातल्यासारखा रस्ता. एका बाजूनं अठ्ठेचाळीस वळणं, आणि प्रत्येक वळणाला नंबर! परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना माणिकबाई चिंच चोखत बसते. ह्या घाटाला तर चिंचेचं पोतं लागेल. मला वाटतं, ठेका वळणांच्या मोजणीवर दिला असेल.

मी पोराला विचारलं, "सध्या काय काम सुरू आहे?" तर म्हणे, "सध्या बर्फ आहे काकाजी, घाट बंद राहते. मेच्या शेवटी उघडते." सहा-सात महिने सरकारी रस्ता बंद! नबी, आपण दोघांनी आयुष्यात बंद रस्ते काही कमी पाहिले नाहीत. इतके दिवस रस्ता बंद म्हणजे ठेकेदार पळाला. दुसरं कारण मी तरी ऐकलेलं नाही.

तेही एक वेळ सोड. गेल्या रविवारी सकाळी प्रतीक्षा त्याच्याशी बोलत होती आणि मी पलीकडे पेपर वाचत होतो. त्याच्या आवाजामागे मला घंटागाडीचं गाणं ऐकू आलं. बारीक, पण पुरं कडवं. प्रतीक्षा म्हणाली, "बाबा, आपल्याच गल्लीत आली असंल." आमची गाडी येऊन गेली होती, आणि आमच्या गाडीचं गाणं वेगळं आहे. हे गाणं मी तुझ्या घरी मुक्कामाला असताना झोपमोड होऊन ऐकलेलं आहे. अकोल्याची घंटागाडी इटलीत कचरा गोळा करायला कधीपासून जाऊ लागली?

चौकशी कर. गोड बोलून कर.

तुझा,
सहदेव

—

अकोला, १५ फेब्रुवारी

सहदेवभाऊ,

वालेकुम सलाम. वहिनींना नमस्कार, पण तो त्यांना न सांगता पोचव.

तुझा शक मला नवा नाही. तू संत्र्यालाही टिचकी मारून कानाशी नेतोस. पण घंटागाडीचं म्हणशील तर तिकडे कोणी इकडचं रेकॉर्डिंग ऐकत असेल, टीव्ही असेल, खुदा जाणे. मला तर ती गाडी दारात येऊन उभी राहिली तरी दिसतेच फक्त.

केशवरावांचं घर चांगलं. नवरा-बायको दोघंच. बाई शकुनताई, कोणाच्या अध्यात ना मध्यात. उधारी नाही, भांडण नाही. गणपतीत हार उरले तर आमच्या दर्ग्यावर पाठवून देणारा माणूस. काल चहाच्या टपरीवर मी सहज विषय काढला. "शेखर कधी येणार?" ते म्हणाले, "पोराले सुट्टीच भेटत नाही. साहेब लोक सोडतच नाहीत त्याले." मी ओठ पाहून समजतो, हे तुला ठाऊक आहे. ओठ बरोबर हलले. पण डोळे माझ्याकडे नव्हते, बिस्किटाच्या बरणीकडे होते.

आता तूच सांग. घाट बंद, अन् सुट्टी नाही. हे दोन्ही एका ताटात कसं वाढायचं?

अजून एक. लिहू की नको, असं झालं होतं. परवा दुपारी त्यांच्या गच्चीवर लोकरीचा जाड स्वेटर वाळत होता. अकोल्यात, ह्या दिवसांत. मापानं केशवरावांच्या दुप्पट. शकुनताईनं मला खाली पाहिलं आणि लगबगीनं तो ओलाच आत नेला.

ऊन चढू लागलं आहे. पुढच्या महिन्यात सगळ्यांना कूलर आठवेल. केशवराव बोलावतीलच, मग घरात शिरून पाहतो. तोवर तू पोरीसमोर तोंड उघडू नकोस.

तुझा,
गुलाम नबी

—

अमरावती, २० फेब्रुवारी

नबीभाई,

स्वेटर! घंटागाडी मी ऐकली, स्वेटर तू पाहिला. आता माझे कान म्हातारे झाले, असं कोणी म्हणू नये.

परवा पोरगा व्हिडिओवर होता. मी प्रतीक्षाच्या हातून मोबाइल घेतला. मागे नुसती पांढरी भिंत. अंगात स्वेटर, आणि कपाळाला घाम. मी म्हटलं, "शेखरराव, जरा खिडकीतला बर्फ दाखवा की, आम्ही वऱ्हाडी माणसं, पाहून तरी गार होऊ." तो हसला. म्हणाला, "नेटवर्क कमी आहे काकाजी, फोटो पाठवतो." पाठवला. पांढरा डोंगर, त्यात गाडलेला रस्ता, एक नंबराचा दगड बर्फातून डोकं काढून उभा. फोटो काय, मलेही पाठवता येते. मी उद्या मक्केचा पाठवला तर तू मला हाजी म्हणशील का?

माझा अंदाज ऐक. कंपनी बुडाली, घाट कायमचा बंद पडला, पोरगा हाकलून दिला गेला, आणि बाप त्याला लपवून लग्न उरकून घेऊ पाहतो. किंवा तो तिकडे कधी गेलाच नाही.

माणिकबाई साखरपुड्याची तारीख काढून बसली आहे. प्रतीक्षा काही बोलत नाही, पण माती-परीक्षणाच्या लॅबमधून आली की आधी मोबाइल चार्जिंगला लावते. मी बाप आहे, मला कळतं. ती हो म्हणायच्या बेतात आहे. एकदा हो म्हणाली की ती कोणाचं ऐकणारी नाही, माझीच पोरगी आहे.

तुझ्या जेबाच्या लग्नाच्या वेळी मी अचलपूरला तीन खेपा घातल्या होत्या. जावयाच्या मोहल्ल्यातल्या न्हाव्यापर्यंत जाऊन आलो, आणि जे ऐकलं ते गोड-कडू न करता तुझ्यासमोर ठेवलं. तेवढंच मला तुझ्याकडून पाहिजे. जास्त नाही.

सहदेव

—

अकोला, १८ मार्च

सहदेवभाऊ,

उशीर झाला, माफ कर. रोजे सुरू आहेत, त्यात कूलरचा सीझन. माणसं फॅनखाली बसून माझ्या नावानं बोटं मोडतात.

केशवरावांकडे जाऊन आलो. दोन्ही कूलर बसवले. गवत नवीन, पंप नवीन. घर स्वच्छ आहे. दिवाणखान्यात देवघर, शेजारी स्वयंपाकघर, मागे मोरी, अंगणात मोगऱ्याच्या कुंड्या. शकुनताईनं चहा विचारला, मग रोजा आठवून जीभ चावली. चांगली माणसं आहेत. मुलगा त्या घाटावर नोकरीला आहे, हे खरं आहे. घाट थंडीत बंद राहतो, हेही खरं आहे. तिकडची रीतच आहे तशी.

माझं ऐकशील तर जास्त खोदू नकोस. रिश्ता चांगला आहे. मेपर्यंत थांब, घाट उघडू दे, मग साखरपुडा कर.

ईदला ये. शीरखुर्म्याला तुझी वाटी नेहमीची.

गुलाम नबी

—

अमरावती, २२ मार्च

नबी,

भाई लावत नाही आज.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तू आयुष्यात कोणत्याही घराचं वर्णन इतक्या थोडक्यात केलेलं नाहीस. माझ्या घराचा जिना चढताना किती पायऱ्या मोडक्या आहेत, हे तू मला माझ्याच लग्नात सांगितलं होतंस. आणि उमाळ्यांचं घर सांगताना दिवाणखाना, स्वयंपाकघर, मोरी, कुंड्या. जिना नाही. वरचा मजला नाही. ज्या गच्चीवर तू स्वेटर पाहिला, तिथे ते हवेतून जातात का?

आणि 'दोन्ही कूलर'. दोघं नवरा-बायको, एका दिवाणखान्यात झोपणारे. दुसरा कूलर कोणासाठी? देवासाठी?

"तिकडची रीतच आहे तशी." ही रीत तुला कोणी सांगितली? महिनाभरापूर्वी तुला हा घाट कुठे आहे हे ठाऊक नव्हतं. मी फोटो पाठवला तर तू विचारलं होतंस, हा नाला आहे का म्हणून. आज तू इटलीच्या रीती सांगून राहिलास! हे बोलणं तुझं नाही. कोणीतरी तुझ्या समोर बसून, हळू हळू ओठ हलवून, तुला समजावून सांगितलेलं आहे.

मला केशवरावाचा राग नाही. तो त्याच्या पोराचा बाप आहे. तू कोणाचा कोण आहेस, ते मला कळवावं.

ईदला येणं होणार नाही.

सहदेव

—

अकोला, १ एप्रिल

सहदेवभाऊ,

काल ईद झाली. तुझी वाटी भरून ठेवली होती. दुपारनंतर घरातल्यांनी ती कोणाला देऊ का विचारलं, मी नाही म्हटलं. संध्याकाळी मीच खाल्ली. गोड लागली नाही.

सगळं सांगतो.

दुसरा कूलर जिन्यानं वर नेत होतो. रोज्याचा घसा कोरडा, हात घामेजलेले. अर्ध्या जिन्यात पाय लटपटला. तेवढ्यात वरून दोन हात आले आणि त्यांनी कूलर रिकाम्या खोक्यासारखा उचलून घेतला. मी आधी हातच पाहिले. नखं फुटलेली, बोटांवर पांढरे वण, तळवे चामड्यासारखे. मग तोंड पाहिलं. शेखरचं, तुझ्याकडच्या बायोडाट्यात आहे तेच.

मागून शकुनताई आली ती पदर तोंडाला लावूनच.

पोरगा माझ्यासमोर बसला. तू म्हणतोस तसंच, हळू हळू ओठ हलवून बोलला. "चाचा, मी इंजिनिअरिंग शिकलो हे खरं. घाटावर आहो हेही खरं. पण साइट इंजिनिअर नाही, मजुरांच्या टोळीत आहो. बर्फानं वळणांच्या भिंतींचे दगड निखळतात, उन्हाळ्यात आम्ही ते पुन्हा बसवतो. थंडीत घाट बंद, म्हणून कामही बंद. बर्फ काढाले सुरुवात झाली की परत बोलावतात. मागच्या हिवाळ्यात तिथल्या हॉटेलात भांडी घासली. यंदा आईची लय याद आली म्हणून आलो."

मी म्हटलं, "मग लपला कावून?"

तर म्हणाला, "मी न सांगता आलो. पहाटेच्या गाडीनं उतरलो, सगळे झोपेतच होते. अन् आदल्याच दिवशी बाबांनी दुकानात सगळ्यांले सांगून ठेवलं होतं, की साहेब लोक पोराले सोडतच नाहीत. ते म्हणाले, आजचा दिवस वरच थांब, उद्या काहीतरी सांगू. उद्याचं परवा झालं. मग तुमच्या मित्राच्या पोरीचं स्थळ आलं. आता कोणत्या तोंडानं खाली उतरू?"

दिवाळीपासून तो वर आहे, सहदेव. दिवाळीपासून. गच्चीवर येतो तो अंधारात.

शकुनताई म्हणाली, "भाऊ, एप्रिलच्या शेवटी तो जाते. एकदा गेला की मंग खोटं कुठी उरते?" रोज्याच्या तोंडानं मी तिला जबान दिली. जेबाच्या वेळचे तुझे अचलपूरचे फेरे मला आठवत होते, तरी दिली. एकदा त्या घरातून निघालो की घरी येऊन तुला खोटं लिहावं लागणार, एवढा पुढचा विचार मी केला नव्हता. समोर आई रडत असली की माणूस पुढचा विचार करत नाही.

आज सकाळी तिला जाऊन सांगितलं, की मी जबान परत घेतो. तिनं दार लावून घेतलं.

आता काय करायचं ते तू कर.

गुलाम नबी

—

अमरावती, ६ एप्रिल, दुपार

नबी,

हे पाकीट ट्रकवाल्याच्या हाती नाही, बसच्या कंडक्टरच्या हाती देतो आहे. लगेच वाच.

घाट खरा, बर्फ खरा, ठेकेदार पळालेला नाही, हे मी मानलं. मोबाइलवर शोधलंही. दरवर्षी थंडीत तो रस्ता बंद होतो. माझा अंदाज चुकला. दगड बसवतो याची लाज मला वाटत नाही. मी शेंदूरजन्याच्या बागांत संत्र्याच्या पेट्या उचलून इथवर आलो. पण जो माणूस आपल्याच गल्लीत पाय ठेवायला भितो, तो उद्या माझ्या पोरीसाठी कोणत्या दारात उभा राहील? परक्या मुलखात तिच्यावर काही आलं, तर हा कोणत्या वरच्या खोलीत जाऊन बसेल? तिथे मी नाही, तू नाही, कोणी नाही.

काल रात्री जेवताना मी घरात सगळं सांगितलं आणि स्थळ मोडलं म्हणालो. माणिकबाई रडली. प्रतीक्षा रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "वरच्या खोलीत आहे नं तो? नक्की?" मी हो म्हटलं. ती हात धुऊन उठली.

आज सकाळी डबा घेऊन कामावर म्हणून निघाली. आत्ता लॅबमधून फोन आला, मॅडम आल्या नाहीत. मोबाइल बंद आहे.

ती तिकडेच आली असेल. शोध तिला. आणि आज कोणाला शब्द देऊन बसू नकोस.

सहदेव

—

अकोला, ७ एप्रिल

सहदेवभाऊ,

काल फोन करून 'पोरगी सुखरूप आहे, बसमध्ये बसवली' एवढं मी ओरडलो. तू काय बोललास ते मला कळलं नाही, म्हणून ठेवून दिला. आता सगळं लिहितो.

तुझं पाकीट येण्याआधीच ती आली होती. मी दुकानात पंप उघडून बसलो होतो. समोर उमाळ्यांच्या फाटकाशी एक पोरगी, ओढणी डोक्याला बांधलेली, हातात डबा. ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. मी ओळखून उठेपर्यंत तिनं मान वर केली आणि तोंड उघडलं. मला आवाज आला नाही. पण समोरच्या खिडक्या मी उघडताना पाहिल्या. एक, मग दुसरी, मग वरची, मग पलीकडच्या इमारतीतल्या सगळ्या. किती मोठ्यानं ओरडली असेल, हे मला खिडक्यांवरून कळलं.

शब्द शेजारच्या बेबीताईनं नंतर माझ्या कानाशी येऊन सांगितले. "शेखर! मी प्रतीक्षा मेहरे. अमरावतीहून आली. खाली ये."

केशवराव बनियनवरच धावत फाटकाशी आले. "पोरी, तो इटलीत आहे."

"मंग बोलवा इटलीतून. मी आहो उभी."

केशवरावांनी मान वळवून वरच्या खिडकीकडे पाहिलं.

ती उभी राहिली. मी छत्री घेऊन गेलो, तिनं हातानंच नको म्हटलं. गल्लीतल्या बायका ओट्यावर येऊन बसल्या. कोणी पाणी आणलं, ते तिनं घेतलं. मला वाटू लागलं, येत नाही हा. तुझंच खरं होणार. मी तिला घरी नेण्यासाठी पुढं झालो, आणि तेवढ्यात वरच्या खिडकीतल्या कूलरचं पाणी ठिबकायचं थांबलं. कोणीतरी आतून कूलर बंद केला होता.

तो दारात आला. पांढराफटक झालेला, उन्हानं डोळे मिटत होते. उंबऱ्यावर थांबला. तिनं त्याला आत जाऊ दिलं नाही अन् स्वतःही आत गेली नाही. तिथेच, सगळ्यांसमोर विचारलं. मी जवळ होतो, ओठ पाहत होतो.

"काम कोणतं करतो?"

"भिंती. दगडाच्या."

"इंजिनिअर?"

"शिकलो. काम ते नाही."

"अन् इथं काय करून राहिला?"

त्यानं बापाकडे पाहिलं. मग गल्लीकडे. म्हणाला, "घाट बंद आहे. काम नाही. म्हणून घरी आहो."

बस, एवढंच. कोणी हसलं नाही. बेबीताईच्या सासूनं विचारलं, "मंग जेवाले काय खातो रे वरती?" तेव्हा मात्र सगळे हसले, केशवरावही. हसता हसता ते खाली बसले अन् तोंड झाकून घेतलं.

प्रतीक्षा म्हणाली, "मले रसवंतीवर ने. तहान लागली." दोघं चौकापर्यंत चालत गेले. तो सावलीच्या बाजूनं जाऊ लागला तर तिनं त्याला ओढून मधून चालवला. मी मागून गेलो, पण दुरून. काय बोलले ते मला दिसलं नाही, पाठी होत्या.

गुलाम नबी

—

अमरावती, १० एप्रिल

नबीभाई,

भाई लावलं आहे, पाहून घे.

ती आली, जेवली आणि डबा धुऊन ठेवला. मी विचारलं, "मग काय, हो का?" म्हणाली, "नाही. अजून नाही. तो खाली आला, एवढंच झालं." मी म्हटलं, "आधी मले सांगून गेली असती." म्हणाली, "तुमी चौकशी करून राहिले होते बाबा. मले त्यालेच विचारायचं होतं." माणिकबाई हसली. मी पेपर घेतला.

माझा शक गेलेला नाही, हे तुला लिहून ठेवतो. अख्खी गल्ली पाहून राहिली आणि पोरगी उन्हात उभी आहे, तर कोणीही खाली येईल. तेवढ्यानं मी पोरगी घाटापलीकडे पाठवत नाही. मला पाहायचं आहे, कोणी न ओरडता तो येतो का.

रविवारी सकाळच्या गाडीनं मी अकोल्याला येतो. केशवरावांना कळवू नकोस, ते रिक्षा पाठवतील आणि हारही आणतील. शेखरला फक्त गाडीची वेळ सांग. घ्यायला ये म्हणू नकोस, येऊ नको असंही म्हणू नकोस. तू स्वतः येऊ नकोस. तू असलास की तो तुझ्या आडोशाला चालेल.

आला तर आम्ही दोघं पायीच येऊ. बाजारातून, त्याच्या बापाच्या दुकानासमोरून, तुझ्या गल्लीपर्यंत. त्याला ओळखणारे वाटेत भेटतीलच. कोणी ना कोणी विचारेल, "काय शेखर, कधी आला?" मी एक पाऊल मागं राहीन, संत्र्याचे भाव पाहिल्यासारखं करीन. तो काय उत्तर देतो, ते मला ह्या कानांनी ऐकायचं आहे.

तुझा,
सहदेव